बाई, आवाज येतोय का?

लॉकडाऊनमधल्या ‘वर्क फ्रॉम होम’चे किस्से आपण अजून पार्ट्यांमध्ये सांगतो. त्याच वेळी शेजारच्या खोलीत, किचनच्या ओट्यावर, बिल्डिंगच्या जिन्यात बसून कुणीतरी अख्खी शाळा चालवत होतं. त्यांचे किस्से ऐकलेत का?

जून २०२०. सकाळचे सात पन्नास. आमच्या वन बीएचकेमध्ये एक वाय-फाय, दोन चार्जर आणि तीन माणसं. बाबा टीव्हीचा आवाज कमी करायला अजिबात तयार नव्हते, मी पहिल्यावहिल्या नोकरीच्या नऊच्या कॉलसाठी बरा टॉप शोधत होते आणि आई... आई फ्रिज रिकामा करत होती.

‘‘अगं, काय शोधतेयस?’’

‘‘ट्रे. तो खालचा, आरपार दिसणारा.’’

पाच मिनिटांत ट्रे डायनिंग टेबलवर. एका बाजूला साखरेचा डबा, दुसऱ्या बाजूला पोह्यांचा, दोघांवर आडवा ट्रे आणि ट्रेवर उताणा ठेवलेला मोबाइल. मागचा कॅमेरा बरोब्बर खाली बघणारा. कॅमेऱ्याखाली कोरा कागद आणि स्केचपेन. झाला फळा तयार!

आई ठाणे जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती आणि खडू हातात धरून तिला सव्वीस वर्षं झाली होती. तोपर्यंत तिचा स्मार्टफोन म्हणजे गुड मॉर्निंगची फुलं आणि भिशीचा ग्रुप, बस्स. ट्रेची आयडिया तिला असल्याच एका फॉरवर्डमधून मिळाली होती. तेव्हा अशा जुगाडांची लाटच आली होती. पुण्यातल्या एका केमिस्ट्रीच्या शिक्षिकेने कपड्यांच्या हँगरला चिंध्या बांधून मोबाइल लटकवला आणि तो फोटो देशभर फिरला, आठवत असेल. आपल्या ऑफिसात याला इनोव्हेशन म्हणतात आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये दोन पॅरेग्राफ लिहितात. आईने साखरेचा डबा परत जागेवर ठेवला आणि कुकर लावला.

आठ वाजता तिचा पहिला वर्ग सुरू झाला. पुढची दोन वर्षं आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं, ‘‘मुलांनो, आवाज येतोय का?’’

आणि कुणीतरी पलीकडून, ‘‘बाई, तुमचा येतोय. माझा येतोय का?’’

अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस

हजेरीपटावर दहावीची अठ्ठेचाळीस मुलं. स्क्रीनवर आली एकोणीस. त्यातल्या दोघांनी स्वतःचं नाव बदलून ‘रिकनेक्टिंग...’ ठेवलं होतं. म्हणजे प्रश्न विचारला की बाईंना वाटावं, बिचाऱ्याचं नेट गेलंय! आईला ही आयडिया कळायला चार दिवस लागले. कळल्यावर ती इतकी हसली, की तिने त्यांना शिक्षाच केली नाही.

बाकीचे चौकोन काळे. व्हिडिओ ऑफ. आता ऑफिसच्या कॉलवर व्हिडिओ ऑफ करून आपण काय करायचो, ते आपल्याला चांगलंच माहीत आहे. मी एकदा भेंडी चिरली होती. त्यामुळे मी आईला अगदी एक्स्पर्टसारखं सांगितलं, ‘‘टाइमपास करतायत गं. व्हिडिओ कम्पल्सरी कर.’’

आईने ऐकून घेतलं आणि काहीतरी वेगळंच केलं. दुपारी शाळेची जुनी डायरी काढली, अठ्ठेचाळीस नावं लिहिली आणि एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली. लेक्चर द्यायला नाही. एकच प्रश्न विचारायला, ‘‘घरात फोन किती आहेत आणि तो कोणाकडे असतो?’’

उत्तरं ऐकून माझी एक्स्पर्टगिरी तिथेच संपली. एकाचे वडील सिक्युरिटी गार्ड. फोन एकच, तो सकाळी सहाला त्यांच्यासोबत घराबाहेर आणि रात्री साडेआठला परत. एकीच्या घरी तीन भावंडं, तिघांचे वर्ग एकाच वेळी, फोन एक. मग मोठ्या भावाची बारावी म्हणून फोन त्याचा. एकीची आई हॉस्पिटलात आया, दुहेरी ड्युटी करणारी. त्यामुळे सकाळी आठला ही मुलगी धाकट्यांच्या पोळ्या करत असायची. आणि व्हिडिओ का ऑफ? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. मागे कुणी आंघोळीहून येतंय, कुणी झोपलंय. पंधरा वर्षांच्या मुलीने कॅमेरा चालू करून वर्गाला काय दाखवायचं?

हे एका शाळेचं झालं. देशाचं चित्र ‘असर’च्या २०२० च्या पाहणीत आलं. ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांत एवढी उडी! पण घरात फोन असणं आणि सकाळी आठ वाजता तो मुलाच्या हातात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईच्या डायरीत म्हणूनच नावापुढे एक नवा रकाना आला : ‘फोन कोणाकडे? कधी?’

आणि त्या रकान्याने तिचं टाइमटेबल बदलून टाकलं. सकाळी आठला लाइव्ह वर्ग. दुपारी त्याच धड्याच्या व्हॉइस नोट्स, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांच्या, म्हणजे कमी नेटमध्येही उतरतील. आणि रात्री साडेनऊला तोच वर्ग पुन्हा, ज्यांचा फोन वडिलांसोबत घरी येतो त्यांच्यासाठी. थोडक्यात काय, तर नाइट शिफ्ट. ओव्हरटाइम वगैरे काही नाही.

माझ्या ड्रॉवरची गोष्ट

आता कबुलीजबाब. सप्टेंबरमध्ये एका रात्री जेवताना आई म्हणाली, ‘‘बारा नंबरची मुलगी तीन महिन्यांत एकदाही आलेली नाही. घरात साधा फोन आहे फक्त.’’

मी मान हलवली. अगदी मनापासून हळहळले. आणि मग खोलीत जाऊन चार्जर शोधायला ड्रॉवर उघडला. चार्जरखाली माझा जुना फोन. स्क्रीनच्या कोपऱ्याला तडा, बाकी ठणठणीत. मी नवा घेतल्यापासून तो तिथेच पडला होता. तीन महिने रोज डिजिटल दरी, डिजिटल दरी म्हणत मी त्याच ड्रॉवरमधून इयरफोन काढत होते.

दुसऱ्या दिवशी फोन गेला. आठवड्याने बारा नंबरने बीजगणितात पहिली शंका विचारली. शंका इतकी बेसिक होती, की जूनपासून तिच्याकडे काहीच पोचलेलं नाही हे आईला त्याच क्षणी कळलं. आई तिला संचापासून नाही, पण समीकरणं मांडण्यापासून परत शिकवायला लागली.

जिथे रेंजच नाही तिथे

मुंबई-पुण्यात निदान नेट स्लो आहे म्हणून चिडायची सोय होती. रेंजच नाही तिथे काय? तिथे महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी जे केलं, त्यात टेक्नॉलॉजी कमी आणि डोकं जास्त होतं.

पालघर जिल्ह्यातल्या दांडवळ गावात दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ भरवली. लाउडस्पीकरवरून रेकॉर्ड केलेले धडे, समोर अंतर ठेवून बसलेली मुलं. सोलापुरात निलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतीच रंगवल्या. या भिंतीवर बाराखडी, त्या भिंतीवर गणिताची सूत्रं, पुढच्या गल्लीत इंग्रजीचे शब्द. मूल दूध आणायला निघालं तरी वाटेत धडा! अनेक जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक वस्तीवर जाऊन ओसरीवर, झाडाखाली पाच-सहा मुलांचे गट घ्यायचे.

टीव्हीही कामाला लागला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. नेटपॅकची गरज नाही, लिंकची भानगड नाही. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजचा अभ्यास पाठवायला सुरुवात केली होती.

त्याच वर्षी, ३ डिसेंबर २०२० ला, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. दहा लाख डॉलर्स! त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम तर महामारीच्या कितीतरी आधीचं. आईच्या स्टाफरूमच्या ग्रुपवर त्या दिवशी अभिनंदनाचा पाऊस पडला. आईनेही अंगठा दाखवला आणि मग डायरी उघडून रात्रीच्या वर्गाची यादी काढली. क्यूआर कोड स्कॅन करायलाही हातात फोन लागतो ना!

चौकट : दोन वर्षं, एका नजरेत

मार्च २०२० : शाळा बंद. दहावीचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, नंतर रद्दच केला.

१५ जून २०२० : राज्यात नवं शैक्षणिक वर्ष सुरू, पण वर्गाबाहेरून.

जुलै २०२० : दहावी-बारावीसह राज्यातला अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी. केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनुसार पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन, नववी ते बारावीला चार ऑनलाइन तासिका.

२३ नोव्हेंबर २०२० : नववी ते बारावीचे वर्ग उघडायला परवानगी. मुंबईत मात्र बंदच.

एप्रिल २०२१ : दुसऱ्या लाटेत दहावीची परीक्षा रद्द.

४ ऑक्टोबर २०२१ : शहरांत आठवी ते बारावी, गावांत पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू.

जानेवारी २०२२ : ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद. २४ जानेवारीपासून पुन्हा उघडायला सुरुवात.

बाईंचं काय?

या सगळ्यात शिक्षकांना कुणी ‘आर यू ओके?’ विचारलं का? आपल्याला एचआरचे मेल तरी यायचे. काही ऑफिसांनी खुर्चीचे पैसेही दिले. आईचा फोन तिचा, डेटा तिचा, साखरेचा डबाही तिचाच.

अठ्ठेचाळीस मुलांच्या वह्यांचे फोटो एवढ्याशा स्क्रीनवर तपासायचे. अर्धे आडवे, एखादा पंख्याच्या सावलीत. दर आठवड्याला ‘स्टोरेज फुल’. ऑक्टोबरात चष्म्याचा नंबर वाढला. वर्गात मुलांच्या मागे बसलेले पालक उत्तरं सांगायचे ते वेगळंच. एकदा एका काकांनी मध्येच सुनावलं, ‘‘मॅडम, हे गणित आमच्या वेळी सोप्या पद्धतीने शिकवायचे!’’ आणि त्यातच अनेक शिक्षकांना कोविड ड्युटी. कुणी रेशनच्या दुकानात, कुणी तपासणी नाक्यावर, कुणी घरोघरच्या सर्वेक्षणात. दिवसभर पीपीई किटच्या चर्चा आणि रात्री त्रिकोणमिती.

एका संध्याकाळी आईचा वर्ग चालू असताना कुणीतरी तिचा व्हिडिओ रेकॉर्ड केला. तोंडाने ‘म्यूट, म्यूट’ म्हणत ती बोटाने भलतंच बटण दाबतेय, असा. वर गाणं लावून तो ग्रुपवर फिरला. आईने तो पाहिला. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘मला ते म्यूटचं नीट शिकव बघू.’’

मी तिला शिकवायला पंधरा मिनिटंही दिली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तीन महिने ती माझ्यापासून आठ फुटांवर बसून एकटी शिकत होती.

आकृती न दाखवता भूमिती

आता एकतीस नंबर. हा मुलगा भूमितीत हुशार. वडील टेम्पो चालवायचे, ते काम गेलं आणि मे २०२० मध्ये सगळं कुटुंब मराठवाड्यातल्या गावी परतलं. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. संध्याकाळी हा तिथे जायचा, व्हॉइस नोट्स उतरवून घ्यायचा आणि रात्री घरी ऐकायचा. व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

म्हणजे भूमिती, पण आकृतीशिवाय! आईने आधी कपाळाला हात लावला. मग ती रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री करावी तशी बोलायला शिकली. ‘‘वहीच्या मधोमध एक आडवी रेघ काढ. डाव्या टोकाला बी लिही, उजव्या टोकाला सी. आता बी पासून सरळ वर, गुण्याने. थांब, तीन सेंटिमीटरच...’’ पाठवायच्या आधी ती नोट मला ऐकवायची. मी डोळे मिटून ऐकायचे आणि सांगेल तसं कागदावर काढायचे. माझा त्रिकोण चुकला, की नोट पुन्हा रेकॉर्ड. शाळेत असताना जमलं नव्हतं ते पायथागोरसचं प्रमेय मला तेविसाव्या वर्षी असं समजलं, बोला!

दोन दिवसांनी टाकीपाशी रेंज मिळाली की त्याच्या वहीचा फोटो यायचा. आई तो झूम करून कोन तपासायची.

१६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला. परीक्षा झालीच नव्हती. विषयाच्या शंभर गुणांपैकी पन्नास नववीच्या निकालावरून, तीस दहावीच्या वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनातून, वीस तोंडी-प्रात्यक्षिक वगैरेतून. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. सगळीकडे पेढे. मीम्स तर विचारूच नका.

संध्याकाळी एकतीस नंबरचा फोन आला. मी स्पीकरवर ऐकत होते.

‘‘बाई, पास झालो. एकाहत्तर टक्के.’’

‘‘अरे वा! शाब्बास.’’

‘‘पण बाई, वर्गसमीकरणं मला अजून येत नाहीत.’’

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘‘माहितीये मला. दिवाळीत इकडे येणारेस ना? वही घेऊन ये.’’

दिवाळीत तो आला, वही घेऊन. डायनिंग टेबलवर चार दिवस बसला. नंतर त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला. आज तो कामाला लागलाय आणि आमच्या पंख्याचा रेग्युलेटर त्यानेच बदलून दिला. पैसे घेतले नाहीत, म्हणून आईने त्याला डबा भरून लाडू दिले.

अर्धा तास जास्त

पुढच्या बॅचची बोर्डाची परीक्षा मार्च २०२२ मध्ये वर्गात बसून झाली. तेव्हा मोठ्या पेपरांना बोर्डाने अर्धा तास जादा दिला. कारण? दोन वर्षांत मुलांची लिहायची सवय मोडली होती. आई सांगते, शाळा उघडल्यावर मुलं वर्गात पाऊण तासही सलग बसू शकत नव्हती. हात दुखतो म्हणायची. प्रश्न विचारला की नजर चुकवायची, जणू अजून व्हिडिओ ऑफच आहे.

आणि काही बाक रिकामेच राहिले. अठ्ठेचाळीसच्या त्या यादीत सात नंबरच्या मुलीचा फोन ऑगस्ट २०२० मध्येच बंद झाला होता. मैत्रिणींना पत्ता नाही. निर्बंध थोडे सैल झाल्यावर आई तिच्या चाळीत गेली. खोलीला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, गावी गेले, कुठलं गाव ते माहीत नाही. बोर्डाचा फॉर्म तिने भरलाच नाही. त्यामुळे ९९.९५ टक्क्यांत ती पास नाही आणि नापासही नाही. ती त्या टक्केवारीत मोजलेलीच नाही. आईच्या डायरीत तिच्या नावापुढचा ‘फोन कोणाकडे?’चा रकाना रिकामा आहे.

आता ऑनलाइन वर्ग म्हणजे कुणाला काही विशेष वाटत नाही. धो धो पाऊस पडला, की काही शाळा सरळ लिंक पाठवून मोकळ्या होतात. वेळ वाचतो, सुट्टीही बुडत नाही. टेक्नॉलॉजी आपण सगळेच शिकलो, आईसुद्धा. ती आता स्क्रीन शेअर करते आणि मला शॉर्टकट सांगते. ट्रे परत फ्रिजमध्ये गेलाय, त्यात कोथिंबीर आहे.

आईच्या रिटायरमेंटला अजून थोडा वेळ आहे. परवा असाच पाऊस होता. रात्री स्टाफच्या ग्रुपवर एका तरुण सरांचा मेसेज पडला, ‘उद्या दहावीचा वर्ग ऑनलाइन घेऊ या का? लिंक बनवतो.’ भराभर अंगठे आले. आईने चष्मा वर केला आणि सावकाश टाइप केलं, ‘घेऊ या. पण सकाळी फोन कोणाकोणाकडे असतो, ते आधी विचारा.’

मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘तुझ्या ड्रॉवरमध्ये आता काय काय आहे गं?’’

मी उठून बघितलं. दोन आहेत. तुमच्या?